सहा नंबरच्या पेटीचा हिरवा दिवा

नल्लकुंटा, हैदराबाद
५ जून

प्रिय हैमा,

आशीर्वाद. पार्सलमध्ये आठ मेमरी कार्डं आहेत आणि तुझ्या अम्मानं वरंगळहून पाठवलेला तळलेल्या सकिनालूंचा डबा आहे. डबा तुझा, कार्डं पेट्यांची. उलट करू नकोस.

ऑफिसच्या मेलवर मी जे लिहिते ते आमच्या साहेबांपासून, शेषगिरी गारूंपासून, तुमच्या मॅनेजर गारूंपर्यंत सगळे वाचतात, म्हणून हे वेगळं पत्र. तुमच्या खाणीतली यंत्रं बाहेरच्या इंटरनेटला जोडायला बंदी आहे. तेव्हा कार्डं बसनंच येणार-जाणार, त्यांच्यासोबत आपली पत्रंही जातील.

तूर्पू खाणीत वर्षभर ज्या आठ पेट्या टांगल्या आहेत त्यांच्या पोटात आमचा डेटाबेस आहे, हे तुला ठाऊकच आहे. पेटी हवेतला वायू मोजते, तो आकडा आमच्या डेटाबेसमध्ये लिहिते, आणि लिहून झाल्यावरच ठरवते की दिवा हिरवा ठेवायचा की लाल करून यंत्रांची वीज तोडायची. आधी लिही, मग बोल, अशी रचना पेटी बनवणाऱ्यांनी केली, कारण वीज तोडली तर त्याची नोंद खाण-निरीक्षकाला दाखवावी लागते. म्हणजे आम्ही लिहायला जितका वेळ लावू तितका वेळ तुमची माणसं वायूत उभी.

आता आमची नवी आवृत्ती आली आहे. इथल्या थंड खोलीत, नव्या पेटीवर, ती जुनीपेक्षा तिप्पट वेगानं लिहिते. शेषगिरी गारूंनी ‘तिप्पट’ हा शब्द छापायलासुद्धा दिला आहे. मी म्हटलं, घरच्या तराजूत आपलं वजन नेहमी बरोबरच भरतं. जिथे पेटी राबते तिथे मोजू. म्हणून एक ते चार नंबरच्या पेट्यांत जुनी आवृत्ती राहील, पाच ते आठमध्ये नवी. पेटीत जे घडतं त्याची नक्कल कार्डावर उतरते. दर आठवड्याला कार्ड बदलून पाठव.

तुझी खाण मी निवडलेली नाही. निवडल्याचं कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कार्डं बदलायला तू स्वतः उतरू नकोस, कुणाला तरी पाठव.

तुझी,
विशाला पिन्नी

*

तूर्पू खाण वसाहत
१३ जून

पिन्नी,

नमस्कार. सकिनालू कोमुरय्या गारूंनी संपवले. ते आमचे ओव्हरमन, म्हणजे खाली माझ्या पाळीतल्या माणसांचे वडीलधारे. म्हणाले, तुमच्या पिन्नीनं कार्डं नसती पाठवली तरी चाललं असतं.

मी खाणीची हवा सांभाळणारी अधिकारी. हवा खाली, मी वर, असं कसं चालेल? अम्मा म्हणते तसं तूही म्हणायला लागलीस तर मग दोघी बहिणी एकाच खोलीत राहा. मीच उतरते, मीच कार्डं बदलते.

खाली काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. दोरगाडीतून उतरताना पहिल्यांदा उजेड संपतो, मग गारवा संपतो. कोळसा कापतात त्या जागेपर्यंत पोचेपर्यंत अंगातला सदरा पिळून काढावा. छत कुरकुरतं. त्याची भीती मला वाटत नाही, कारण ते आधी सांगतं. वायू सांगत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. कोमुरय्या गारू म्हणतात, आवाज करणारा साप बरा.

पण तुमची नवी आवृत्ती चांगली आहे. सहा नंबरच्या पेटीसमोर चाचणीच्या वायूची बाटली उघडली, तर माझा हात खाली यायच्या आत दिवा लाल झाला आणि वीज गेली. ओदेलु म्हणून आमचा लोडर चालवणारा आहे, कोळसा उचलणाऱ्या यंत्रावर असतो. तो म्हणाला, ‘मॅडम, आता मी मागे वळून बघत बसणार नाही, दिवा बघीन.’ पूर्वी दर थोड्या वेळानं यंत्र थांबवून हातमीटर बघायचा. सगळे तसंच म्हणायला लागले आहेत.

हैमा

*

नल्लकुंटा
२७ जून

प्रिय हैमा,

दोन खेपांची कार्डं वाचून झाली. तिप्पट नाही. खाली तुमच्याकडे नवी आवृत्ती जुनीपेक्षा सरासरी दीडपट वेगानं चालते. शेषगिरी गारूंचा चेहरा उतरला, पण मग म्हणाले, दीडपट खऱ्या खाणीतलं म्हणजे खोलीतल्या तिपटीपेक्षा वजनदार. माणूस हुशार आहे, कुठल्याही आकड्याला शाल पांघरतो.

एक गोष्ट मात्र मला टोचते आहे. सहा नंबरच्या पेटीत २१ तारखेला दुपारी एक भोक आहे. चार मिनिटं काहीच लिहिलेलं नाही. त्यानंतर एकाच क्षणात नोंदींचा ढीग पडला आहे, जणू कुणी दार अडवून धरलं होतं आणि मग सोडलं. त्या ढिगाचे आकडे एकमेकांत मिसळलेत, म्हणून वायू किती होता ते नीट लागत नाही.

त्या दुपारी पेटीची वीज गेली होती का? कुणी वायर ओढली का? तू कुठे होतीस?

शेषगिरी गारूंना अहवाल पाठवायचा आहे. लगेच लिही.

पिन्नी

*

तूर्पू खाण वसाहत
१ जुलै

पिन्नी,

हो, त्या दुपारी वीज गेली होती. आमच्याकडे जातेच. मी वर ऑफिसात होते. काळजी करू नकोस.

इथे आभाळ भरून आहे. कार्डं सोबत आहेत. अम्माला सांग, मी ताप येऊन गेल्यावर आता बरी आहे. साधा ताप होता.

हैमा

*

नल्लकुंटा
१४ जुलै

हैमा,

फोनवर विचारणार होते. पण फोनवर तू हसून टाळतेस. लिहिताना तुला खोटं जमत नाही असा माझा समज होता. तुला जमलं.

तुझ्या शब्दावर मी अहवालात लिहिलं की भोक वीज गेल्यामुळे पडलं. माझी सही झाली. तो अहवाल तुमच्या मॅनेजर गारूंकडे गेला आणि आठही पेट्यांत नवी आवृत्ती घालायचं ठरलं. सोमवार, २४ तारीख.

काल सहज सगळं पुन्हा वाचत होते. पेटी वायूच्या जोडीला आपल्या विजेचा दाबही मोजते. तो त्या ढिगात शाबूत आहे. चारही मिनिटं पेटीला वीज होती. एक क्षणही गेली नव्हती.

मग मी इथे एक जुनी, वर्षभर वापरलेली पेटी घेतली, तिचं पोट नोंदींनी भरलं आणि तुमच्या खालच्या उकाड्याइतकी तापवून चालत ठेवली. तिसऱ्या दिवशी ती थांबली. आता कळलं का ते. जुनी आवृत्ती प्रत्येक नोंद लिहिताना मागच्या, नको झालेल्या नोंदींचा थोडा केर काढते, म्हणून ती रोज जरा हळू. नवी आवृत्ती केराला हातच लावत नाही, भराभर लिहीत सुटते, आणि पोट भरत आलं की सगळा केर एकदम काढायला बसते. कोऱ्या पेटीत, थंड खोलीत तो क्षणात निघतो, म्हणून आम्हाला कधी दिसला नाही. तुमच्याकडे चार मिनिटं लागतात. त्या वेळात ती लिहीत नाही, म्हणून बोलतही नाही. दिवा शेवटच्या नोंदीवर होता तसाच राहतो. हिरवा.

मी सरासरी काढत बसले होते, हैमा. त्या सरासरीत ही चार मिनिटं दिसतसुद्धा नाहीत.

तू ऑफिसात नव्हतीस. मला खरं लिही.

पिन्नी

*

तूर्पू खाण वसाहत
१७ जुलै

पिन्नी,

मी खालीच होते.

त्या दिवशी हवेचा दाब उतरला होता. पावसाळ्यात असं झालं की खाणीच्या सोडून दिलेल्या भागातून वायू सरकत पुढे येतो. मी, कोमुरय्या गारू आणि ओदेलु सहा नंबरच्या पेटीजवळ होतो. ओदेलु लोडरवर. माझ्या कमरेचा हातमीटर वाजायला लागला. मी पाहिलं, दीड टक्का. सव्वाला वीज तुटायला हवी. पेटीचा दिवा हिरवा होता.

मी ओदेलुला ओरडून सांगितलं, थांब. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं, आणि यंत्र चालूच ठेवलं. त्याला वाटलं माझा मीटर बिघडला. खरं सांगू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. त्या दिव्याकडे बघत मी उभी राहिले. यंत्राच्या दातांखाली दगड आला की ठिणगी उडते, हे मला परीक्षेत विचारलं होतं, आणि मी ठिणगीची वाट बघत उभी होते. कोमुरय्या गारूंनी मला बाजूला सारून हातानं यंत्राच्या विजेचा खटका ओढला. यंत्र बंद पडलं. आम्ही तिघं हवेच्या वाटेनं मागे आलो. बऱ्याच वेळानं मागे वळून पाहिलं तेव्हा दिवा लाल झाला होता.

काहीच घडलं नाही, म्हणून सांगितलं नाही. मला नंतर ताप आला तो त्याचाच.

खोटं का लिहिलं तेही सांगते. वर येऊन मी मॅनेजर गारूंना सांगायला गेले, तर ते म्हणाले, ‘पेटी हिरवी होती, ओदेलु शांत होता, कोमुरय्यानं खटका ओढला. घाबरल्या तेवढ्या तुम्ही. बायकांना खाली पाठवायचा हुकूम वरून आला, माझा नाइलाज आहे. पण पुन्हा असं झालं तर तुम्हाला वरच्या कामावर घ्यावं लागेल.’ आणखी एक. पेट्या नापास झाल्या तर त्या काढून नेतील, आणि आम्ही पुन्हा एका माणसानं मीटर घेऊन फिरण्यावर येऊ. आणि तुझी नोकरी. आणि तू अम्माला सांगितलं असतंस.

आता येत्या सोमवारी सगळ्या पेट्यांत तीच आवृत्ती येणार. पिन्नी, त्या हिरव्या दिव्याखालून मी आता हातमीटर डोळ्यांसमोर धरून चालते. लाल दिसला असता तर बरं वाटलं असतं.

हैमा

*

नल्लकुंटा
२० जुलै

प्रिय हैमा,

फोनवर बोलले तेच लिहून देते, कारण मॅनेजर गारूंसमोर ठेवायला तुला कागद लागेल. सोबतच्या दोन पानांवर माझी सही आहे: पहिला अहवाल चुकीचा होता, वीज गेली नव्हती, नवी आवृत्ती भरलेल्या आणि तापलेल्या पेटीत काही मिनिटं मुकी होते, ती बसवू नये.

शेषगिरी गारूंना हेच तोंडावर सांगितलं. ते चिडले नाहीत, हेच जास्त भीतीदायक होतं. हळू आवाजात म्हणाले, ‘विशालाक्षी, लाखो नोंदींत एक भोक. कुठल्या यंत्रात नसतं? तुमची भाची तिथे आहे म्हणून तुम्हाला ते मोठं दिसतं.’ मी म्हटलं, खरं आहे, तिथे भाची आहे म्हणूनच दिसलं. नसती तर मी सही करून घरी गेले असते. त्यांनी मला काही दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं आहे.

मी तुमच्या मॅनेजर गारूंना स्वतःच्या नावानं मेलही केला आहे. उत्तर नाही.

सोमवारी उतरू नकोस. तू माझं ऐकणार नाहीस हे ठाऊक असूनही लिहिते.

पिन्नी

*

तूर्पू खाण वसाहत
२ ऑगस्ट

पिन्नी,

मी जिवंत आहे हे तुला फोनवर कळलंच. बाकी फोनवर बोलता आलं नाही, कारण अम्मा वरंगळहून इथे आली आहे आणि शेजारीच बसली होती.

तुझी पानं मी मॅनेजर गारूंपुढे ठेवली. त्यांनी टेबलाच्या खणातून तुझा पहिला अहवाल काढून त्यांच्याशेजारी ठेवला. म्हणाले, ‘ही सही तुमच्या पिन्नीचीच ना? इथे म्हणतात वीज गेली, इथे म्हणतात गेली नाही. आणि पहिलं त्यांना कुणी सांगितलं? तुम्हीच.’ माझ्याच खोट्यानं मला बांधून घातलं होतं. सोमवारी आठही पेट्यांत नवी आवृत्ती बसली.

मी माझ्या पाळीपुरतं एवढं केलं की प्रत्येक पेटीजवळ हातमीटर घेतलेला एक माणूस उभा केला. दिवा काहीही म्हणो, मीटर वाजला की खटका ओढायचा. पाळीतले हसले, पण उभे राहिले. दुसऱ्या पाळ्यांत कुणी ऐकलं नाही.

त्या गुरुवारी सकाळी कोमुरय्या गारू आणि ओदेलु दुसऱ्या पाळीत बदलीवर होते. मी दोरगाडीच्या माथ्यावर माझ्या माणसांची वाट बघत होते. तीन नंबरची पेटी, जी आधी जुन्या आवृत्तीवर कुरकुर न करता चालली, ती थांबली. दिवा हिरवा. ओदेलु लोडरवर. कोमुरय्या गारूंच्या मीटरनं सांगितलं तेव्हा ते खटक्यापासून लांब होते. ते खटक्याकडे गेले नाहीत, ओदेलुकडे धावले आणि त्याची कॉलर धरून त्याला यंत्रावरून खाली ओढलं. ओदेलु सांगतो, छतालगत एक निळी जीभ सरकत गेली, आवाजसुद्धा मोठा नव्हता, जसा कुणी चादर झटकावी. मग अंधार.

दोघं बाहेर आले. ओदेलुच्या भुवया जळल्या. कोमुरय्या गारूंचे दोन्ही हात आणि उजवा कान भाजला आहे. त्यांना वर आणलं तेव्हा मी गाडीचा दांडा धरून उभी होते. ते मला म्हणाले, ‘मॅडम, आतल्या माणसांची मोजणी करून घ्या. मी सगळ्यांना हाक मारली आहे, पण मोजून घ्या.’ मी मोजलं. सगळे होते.

चौकशी बसणार आहे. निरीक्षकांनी तुझी कार्डं मागितली आहेत. मला रजेवर वरंगळला पाठवत आहेत. अम्मा नुसती जेवायला वाढते. चार वेळा वाढते.

मी २१ तारखेचं तुला त्याच दिवशी लिहिलं असतं तर.

हैमा

*

तूर्पू खाण, पाहुण्यांची खोली
२६ ऑगस्ट

प्रिय हैमा,

तू वरंगळला आहेस आणि मी तुझ्या खाणीत, असं उलटं झालं आहे.

चौकशीत मी सगळी कार्डं मांडली. खोटं तू लिहिलंस, पण विजेचा दाब न बघता सही मी केली, तेही सांगितलं. शेषगिरी गारू माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते. निरीक्षक म्हातारे आहेत, त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘म्हणजे बाई, नवी आवृत्ती वेगवान आहे की हळू? एका शब्दात सांगा.’ मी म्हटलं, वेगवान आहे साहेब, रोज वेगवान आहे; ज्या दिवशी पेटी भरते आणि खाण तापते त्या दिवशी ती थांबते, आणि वायूही बहुधा त्याच दिवसांत येतो. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग पेट्या काढायच्या नाहीत, दुरुस्त करून माझ्याच हातून मोजून घ्यायच्या, असा हुकूम दिला. तुमच्या मॅनेजर गारूंची बदली झाली आहे.

नव्या आवृत्तीला आता रोज थोडा थोडा केर काढायला लावलं आहे. तिचा वेग दीडपटीवरून जेमतेम जुनीच्या थोडा पुढे आला. या वेळी मी सरासरी लिहिलीच नाही. सर्वांत लांब थांबण्याची वेळ काय, तेवढीच मोजायची असं ठरवलं, आणि ती मोजायला मला खाली उतरावं लागलं.

हैमा, तू लिहिलं होतंस की पहिल्यांदा उजेड संपतो. मी वाचलं होतं, पण मला कळलं नव्हतं. दोरगाडीत मी डोळे मिटून घेतले आणि मग लक्षात आलं की उघडे ठेवले तरी तेच. ओदेलुनं बाटली धरली, मी घड्याळ. भरलेल्या, तापलेल्या पेट्यांवर पाच दिवस. दर वेळी बाटली उघडली की माझ्या कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं. सर्वांत लांब थांबा दोन सेकंदांच्या आतला निघाला.

तुला खाली जाऊ नकोस असं सांगायचं मी आता सोडलं आहे. भीती गेली म्हणून नव्हे. तुझ्या जागी मी उभी राहून आले म्हणून.

कोमुरय्या गारूंना दवाखान्यात भेटले. हातांना पट्ट्या आहेत, डॉक्टर म्हणतात बोटं वळतील. त्यांना तुझा राग नाही. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

पिन्नी

*

तूर्पू खाण वसाहत
११ सप्टेंबर

पिन्नी,

आज मी उतरले.

कुणी आग्रह केला नव्हता. नवे मॅनेजर गारू म्हणाले, आणखी रजा घ्या. पण वरंगळला अम्माच्या घरी पंखा बंद पडला तरी मी दचकून उठायचे, तेव्हा म्हटलं जी भीती आहे ती तिच्या जागी जाऊन बघावी.

सगळं तसंच आहे. तीन नंबरजवळचं छत काळं आहे, त्यावर चुना मारलाय. पेटी दुरुस्त केलेली आवृत्ती घेऊन टांगलेली आहे, तुझ्या सहीचा कागद काचेखाली लावला आहे. दिवा हिरवा होता. माझा हातमीटर मी पेटीच्या शेजारी धरला. दोघांचं म्हणणं एकच होतं. पुन्हा धरला, पुन्हा एकच. बाटली उघडली तर दिवा लाल झाला, वीज गेली, सगळं तू लिहिलंस तसं.

वीज परत आल्यावर मी खटक्यापाशी गेले आणि त्यावर हात ठेवला. ठरवलं नव्हतं. ओदेलुनं लोडर सुरू करायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. दिव्याकडे नाही, माझ्याकडे. मी मान हलवली, त्यानं यंत्र सुरू केलं. मग दर थोड्या वेळानं तो थांबायचा, बघायचा, मी मान हलवायचे. तुझे आकडे खरे आहेत हे मला माहीत आहे. त्यालाही मी समजावून सांगितले आहेत, त्यालाही पटले आहेत.

पाळी संपली तेव्हा ओदेलु यंत्र बंद करून आला आणि म्हणाला, ‘मॅडम, चला.’ मी हात काढायला गेले तर बोटं उघडेनात. त्यानं एकेक बोट सोडवलं, आणि आम्ही दोरगाडीकडे चालायला लागलो.

उद्याही माझीच पाळी आहे.

हैमा